मनोरीच्या जावाचा कार्बोरेटर आणि साक्षीदार क्रमांक दोन

मी, चंदर हिराजी तांडेल, वय सहासष्ट, धंदा जुन्या मोटारसायकलींचे कार्बोरेटर उघडणे, साफ करणे व पुन्हा बसवणे, मूळ गाव मनोरी, सध्या राहणार अंधेरी (पूर्व), हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट घरचे सगळे म्हणत होते, एवढ्यात कशाला. डॉक्टर शिवदास यांनी मला तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे व साक्षीदार क्रमांक एक म्हणून सही करण्याचे कबूल केले आहे. माझी पत्नी चंपा हिचे माझ्या डोक्याबाबत वेगळे मत आहे, परंतु तिला कोणी दाखला मागितलेला नाही.

आमच्या वकीलबाई अपूर्वा यांचं म्हणणं, असं मृत्युपत्र एका पानात बसतं. त्यांच्या बाकीच्या अशिलांचं बसत असेल. मला कोणाला काय दिलं एवढंच सांगून भागत नाही, का दिलं तेही सांगायचं आहे, नाहीतर मागे राहिलेले लोक आपापली कारणं लावतात. खाडाखोड मात्र करायची नाही, असं त्यांनी बजावलं आहे. म्हणून जे लिहीन ते तसंच राहील आणि मत बदललं तर पुढच्या कलमात सांगेन.

कलम १. माझे राहते घर, त्यातील सर्व सामान व बँकेतील सर्व शिल्लक माझी पत्नी चंपा हिला मिळावी.

यात कोणी फाटे फोडू नयेत. लग्न झालं तेव्हा तिला सांगितलं होतं की मुलगा मेकॅनिक आहे. मेकॅनिक घरी पण काम आणतो, हे नव्हतं सांगितलं. तिच्या कुकरमध्ये मी चिंचेच्या पाण्यात पितळी भाग उकळले, तिच्या दात घासायच्या ब्रशने कार्बोरेटरमधले बारीक भोकाचे जेट साफ केले आणि एकदा तिच्या भावाच्या साखरपुड्याला पेट्रोलचा वास मारत गेलो. ती भांडली, पण घर सोडून गेली नाही. तो कुकरही तिचाच. तिने त्यात पुन्हा कधी डाळ लावली नाही, ती गोष्ट वेगळी.

कलम २. अंधेरी औद्योगिक वसाहतीतील माझा गाळा माझी मुलगी भाविका हिला मिळावा.

भाविका विमानतळावर नोकरी करते. तिने गाळा ठेवावा, विकावा, भाड्याने द्यावा, तिची मर्जी. मी तिला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, मी विकला तर तुम्ही वरून येऊन शिव्या घालाल ना." मी म्हटलं, घालेन. तर मग तिने ठरवावं.

कलम ३. गाळ्यातील सर्व पाने, ब्रश, गेज, व्हाइस, काचेचा पाट आणि जुन्या जेटचे डबे घाटकोपरचे निमेश यांना मिळावेत.

निमेश माझ्या बाजूच्या बाकावर इतकी वर्षं बसला आहे की गिऱ्हाइकं त्याला माझा भाऊ समजतात. हात चांगला आहे. डोकं पण चांगलं आहे, फक्त पांढऱ्या टेपच्या बाबतीत चालत नाही. प्लंबर नळाला गुंडाळतात ती टेप हा माणूस पेट्रोलच्या जोडाला गुंडाळतो. मी सतरा वेळा सांगितलं आहे की बाबा रे, त्या टेपचा एक धागा सुटला की तो थेट जेटमध्ये जाऊन बसतो. मग गिऱ्हाईक आरे कॉलनीच्या रस्त्यावर, झाडांच्या मधोमध, बंद पडलेल्या गाडीला लाथा मारत उभं राहतं आणि फोन मला येतो. निमेश म्हणतो, "काका, थोडीशीच मारतो." थोडीशीच मारतो म्हणजे काय? म्हणून या कलमाला अट अशी की, हत्यारं ताब्यात घेण्याआधी त्याने खणातली टेपची सगळी रिळं भाविकाच्या देखत कचऱ्यात टाकावीत. लाल सिलिकॉनची ट्यूबही टाकावी. ते पेट्रोलमध्ये फुगून जेलीसारखं होतं. त्याला वाटतं मला माहीत नाही की त्याने कुठे लपवली आहे.

कलम ४. किरकोळ वस्तू. वसाहतीत चहाची टपरी चालवणाऱ्या दीप्ती यांना माझे उंच लोखंडी स्टूल मिळावे, कारण त्या दिवसभर उभ्या असतात व त्या स्टुलावर त्यांचा डोळा आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देवव्रत यांना माझे आग विझवण्याचे नळकांडे मिळावे. पेट्रोलच्या वासाबद्दल त्यांनी माझ्याविरुद्ध इतके अर्ज केले, तर निदान त्यांना निवांत झोप लागावी.

एवढं लिहून मला फार बरं वाटलं. ज्याच्याशी माझा दोन शब्दांचा संबंध आहे अशा प्रत्येकाला काही ना काही मिळालं. आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते कलम.

कलम ५. माझ्या बाकाच्या वरच्या खणात पिवळ्या फडक्यात बांधलेला जुन्या जावा मोटारसायकलीचा कार्बोरेटर निमेश यांना मिळावा. माझी मोठी बहीण राधा हिला त्यातला एक वॉशरसुद्धा मिळू नये.

हे रागाने लिहिलेलं नाही. म्हणजे रागाने लिहिलं आहे, पण शुद्धीवर राहून लिहिलं आहे.

ती जावा आमच्या बाबांची. अंधेरीच्या एका स्टुडिओने जुनं सामान लिलावात काढलं त्यातून त्यांनी घेतली. कुठल्याशा सिनेमात हिरो तिच्यावर बसला होता म्हणे. बाबांनी तिच्यावर मासळीच्या टोपल्या बसवल्या. बाबा गेल्यावर गाडी मनोरीच्या घरीच राहिली, कारण राधाबाय ती चालवायची. राधाबायने लग्न केलं नाही, बाबांचा धंदा पुढे चालवला. पहाटे टोपल्या बांधून गाडी फेरीबोटीवर चढवायची आणि खाडीपलीकडे मार्व्याला उतरून मालाडच्या बाजाराला जायची. मी दुरुस्त करायचो, ती चालवायची. अशी आमची वाटणी कोणी न करताच झाली होती आणि ती झकास चालली होती.

आता गळतीचं सांगतो. टाकीतून येणारी पेट्रोलची नळी कार्बोरेटरला जिथे मिळते तिथे एक पितळी कडी असते, बोल्टाने आवळलेली. आम्ही तिला बॅन्जो म्हणतो. तिच्या वर एक आणि खाली एक वॉशर असतो. गाडी म्हातारी झाली की पितळ झिजतं, वॉशर सुकतो आणि तिथून पेट्रोल पाझरतं. थेंब थेंबच, पण पेट्रोल आहे ते. माझा यावर एकच इलाज. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, ब्रशने वॉशरला लावायची, वाळू द्यायची आणि मग बोल्ट आवळायचा. माझ्या उस्तादांनी शिकवलेला. या इलाजावर मी घर चालवलं, मुलीला शिकवलं.

तीनचार वर्षांमागे राधाबायने कळवलं की बॅन्जो गळतोय. मी लाख लावून दिली. आठवड्याभरात पुन्हा गळला. पुन्हा लावली, पुन्हा गळला. शेवटी मी रविवारी स्वतः गेलो, जोड बांधला आणि तिच्यासोबत फेरीवर चढलो. खाडीच्या मध्यावर बोटवाल्याने नाक वर केलं आणि विचारलं, "पेट्रोल कोनाचं गलतंय?" माझंच गळत होतं. मार्व्याच्या धक्क्यावर त्याने आम्हाला सगळ्यांच्या आधी उतरवलं आणि सांगितलं, गळकी गाडी पुन्हा बोटीवर आणायची नाही. धक्क्यावर मासळीवाल्या बायका बसलेल्या, सगळ्या ओळखीच्या. राधाबायने त्यातल्या एकीकडून कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा घेतला, माझी लाख नखाने खरवडून काढली आणि जोडावर साबण घासला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पण माहीत असतं. गळती थांबली. मग ती अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "भावाची लाख वितलली, बहिनीचा साबन टिकला."

बायका हसल्या. बोटवाला हसला. मी खिशातून पाना काढला, तिथल्या तिथे कार्बोरेटर उतरवला, रुमालात गुंडाळला आणि अंधेरीला निघून आलो. राधाबाय गाडीला धरून नुसती उभी राहिली. एरवी ती गप्प बसणारी नाही, म्हणून ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून गाडी मनोरीला ताडपत्रीखाली आणि कार्बोरेटर माझ्या खणात. राधाबाय रिक्षाने बाजाराला जाते. लग्नाकार्यात आम्ही भेटतो, पण बोलतो चंपाच्या मार्फत. "त्याला सांग, भात घे." "तिला सांग, घेतलाय." आमची चंपा बिचारी मधल्या मधे टेलिफोन झाली आहे.

हे कलम इथे संपायला हवं होतं. पण निमेशला गळका कार्बोरेटर देणं माझ्या नावाला शोभणारं नाही, म्हणून मी तो बाकावर घेतला. खाली वर्तमानपत्र पसरलं, बॅन्जोला ताजी लाख लावली, वाळवली, आवळली आणि वरून पेट्रोल सोडलं. चहाच्या वेळेपर्यंत लाख गुळासारखी चिकट झाली आणि पेपरावर डाग पडला.

मग मी एक गोष्ट केली. शटर अर्धं ओढलं, दीप्तीच्या टपरीवरून साबणाचा तुकडा आणला आणि लाख काढून तो लावला. निमेशने बघितलं, पण तोंड दुसरीकडे केलं, हा त्याचा चांगुलपणा. संध्याकाळपर्यंत पेपर कोरडा. माझी वाट लागली. रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर साबण बुळबुळीत झालेला आणि त्याच्याखाली हा एवढा डाग.

मला इतका आनंद झाला की मी गाळ्यात एकटाच हसत उभा होतो. साबण पण गळला. मी निमेशला सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, काका." घरी येऊन चंपाला सांगितलं. ती म्हणाली, "पोळी एक वाढू की दोन?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही बातमी जिला सांगण्यात मजा आहे अशी जगात एकच बाई आहे आणि ती मनोरीला बसली आहे. मला राधाबायची आठवण आली. खूप आली. उगाच लपवत नाही.

दोन्ही का गळले ते नंतर सुचलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात आणि ते स्पिरिटचंच भावंड. मी रोज सकाळी लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. म्हणजे जे लाखेला पातळ करतं तेच आता वरून टाकीतून येतंय. साबणालाही ते हळूहळू खातं. माझा इलाज चुकीचा नव्हता आणि तिचाही नव्हता. पेट्रोल बदललं आणि बदलताना कोणी आम्हा भावंडांना विचारलं नाही.

मग मी सगळं खरवडून काढलं, तिचा साबण, माझी लाख, बाबांच्या वेळचा कसला तरी काळा थर. कडीच्या दोन्ही बाजू काचेच्या पाटावर बारीक पेस्ट टाकून घासल्या, अगदी सपाट होईपर्यंत. तांब्याचे वॉशर चंपाच्या गॅसवर लाल केले आणि पाण्यात टाकले, म्हणजे तांबं मऊ पडतं आणि पितळाला अंगासरशी बसतं. मधे काहीच लावलं नाही. बोल्ट आवळला. पेपर कोरडा राहिला. दुसऱ्या दिवशीही कोरडा. आठवडाभर मी तोच पेपर ठेवला, त्यातली सगळी कोडी सोडवून झाली.

कलम ६. साक्षीदारांबाबत.

एवढं घेऊन मी वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "काका, डॉक्टर एक झाले. अजून एक साक्षीदार हवा. माणूस विश्वासातला पाहिजे आणि त्याला या मृत्युपत्रातून काही मिळणारं नसावं. म्हणजे पुढे वाद नाही."

मी म्हटलं निमेश. त्याला हत्यारं. दीप्ती? स्टूल. बरं, सेक्रेटरी? नळकांडं. वकीलबाई म्हणाल्या, "आमचा क्लार्क करेल ना सही." मी म्हटलं, परक्या माणसापुढे मी माझी सही करणार नाही. जो मला ओळखतच नाही तो काय सांगणार की हा चंदरच होता?

घरी येऊन चंपाला सांगितलं, की ओळखीत असा माणूसच उरला नाही ज्याला मी काही दिलेलं नाही. चंपा तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आहे की एक. तुम्ही स्वतः लिहिलंय, वॉशरसुद्धा मिळू नये."

दोन दिवस मी हे कागद पुन्हा पुन्हा वाचले. तिसऱ्या दिवशी कार्बोरेटर पिशवीत टाकला, हे कागद टाकले आणि मार्व्याहून फेरी पकडली. कार्बोरेटर कशाला घेतला, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

राधाबाय अंगणात बोंबील वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, "चंपाला नाय आनलीस? मंग बोलायचं कसं?"

मी म्हटलं, "सही पाहिजे."

"कसली?"

मी कागद दिले. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि ओट्यावर बसून पहिल्यापासून वाचायला लागली. कुकरपाशी हसली. टेपपाशी म्हणाली, "निमेश डोक्यावर पडलाय काय?" मग कलम पाच आलं. ते तिने सावकाश वाचलं. मी बोंबलांकडे बघत होतो. मला खरंच वाटलं की आता ही कागद माझ्या तोंडावर मारणार आणि मग आमच्यात जे चंपाच्या मार्फत उरलं होतं तेही जाणार.

ती म्हणाली, "साबन पन गलला?"

"दुसऱ्या दिवशी."

"खोटं बोलतंस."

"बाबांची शपथ."

ती जी हसायला लागली ती पदर तोंडाला लावून हसत राहिली. "दोघांची पन फजिती," म्हणाली. "आनि चार वर्सं मी रिक्षाचे धक्के खातंय." मग पिशवीकडे बोट केलं. "त्यात काय हाय?"

त्या दिवशी मी अंधेरीला परतलो नाही. ताडपत्री काढली, टाकीतलं कुजलेलं पेट्रोल काढलं, टाकी धुतली, प्लग घासला, उंदरांनी कुरतडलेली वायर बदलली. राधाबाय शेजारी बसून चुका काढत होती. कार्बोरेटर बसवला, ताजं पेट्रोल सोडलं, टाकीखालचा नळ, म्हणजे पेटकॉक, उघडला आणि आम्ही दोघं बॅन्जोखाली डोकं घालून बघत बसलो. शेजारीण येऊन विचारून गेली की काही हरवलं आहे का. थेंब नाही. राधाबायने बोट फिरवून वास घेतला. "कोरडं हाय," म्हणाली. मग किक मारली. पाचव्या किकला लागली.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "राधाबाय, घोटाळा झाला. कार्बोरेटर तुला दिला तर तू साक्षीदार होऊ शकत नाहीस."

"आनि सही केली तं?"

"तर कार्बोरेटर तुला देता येत नाही."

वकीलबाईंना फोन लावला. गाडीचा आवाज चालूच होता, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "काका, जी वस्तू तुम्ही जिवंतपणी हाताने देऊन टाकली ती मृत्युपत्रात येतच नाही. आजच देऊन टाका." मी म्हटलं, दिली.

कलम ७. सबब, कलम ५ मधील निमेश यांच्याविषयीचे पहिले वाक्य रद्द समजावे, कारण तो कार्बोरेटर आता माझ्या मालकीचा राहिलेला नाही. निमेश यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांना टेपचे एक रीळ ठेवण्याची परवानगी देत आहे, फक्त घरच्या नळासाठी.

त्याच कलमातलं दुसरं वाक्य मी रद्द करायला निघालो होतो. राधाबायने माझा हात धरला. म्हणाली, "त्याला हात लावू नको. त्या वाक्यावर माझी साक्ष उभी हाय." मी म्हटलं, अगं, भाविका वाचेल, तिची पोरं वाचतील, त्यांना वाटेल आजोबांनी आत्याला... कोण काय नातं लावेल देव जाणे. ती म्हणाली, "वाचू देत. मी सांगेन ना त्यांना."

मी तिला वकीलबाईंचा आणखी एक मुद्दा सांगितला, की साक्षीदार शक्यतो वयाने लहान बरा, कारण मृत्युपत्र करणारा गेल्यावर सही त्याचीच असं सांगायला साक्षीदाराने हजर राहायचं असतं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "मंग रहावं लागंल मना तुज्या मागं. आता सही केल्यावर इलाज काय." मी म्हटलं, राहा बाई.

कलम ८. माझे अंत्यविधी साधे करावेत. त्या दिवशी गाळ्यात ज्याचा कार्बोरेटर उघडा पडला असेल, त्याचे काम निमेश यांनी आधी पुरे करावे व मग स्मशानात यावे.

आज सकाळी राधाबायने मला मागे बसवून जावा फेरीवर चढवली. बोटवाला तोच. तो वाकून बघायला आला, खाली हात फिरवला, वास घेतला आणि दोरी सोडायला गेला. मार्व्याच्या धक्क्यावर बायकांनी विचारलं, "राधे, लाख का साबन?" ती म्हणाली, "काय पन नाय. नुस्तं तांबं." तिथून अंधेरीपर्यंत तिने मला एकदाही गाडी चालवू दिली नाही.

हे मृत्युपत्र मी डॉक्टर शिवदास यांच्या दवाखान्यात, दोन्ही साक्षीदार समोर असताना, पूर्ण वाचून व समजून सही करीत आहे. याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही आणि आता पुन्हा करण्याइतका उत्साह उरलेला नाही.

ठिकाण: अंधेरी (पूर्व), मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सही: चंदर हिराजी तांडेल

साक्षीदार क्र. १: डॉ. शिवदास. चंदर तांडेल यांनी माझ्यासमोर सही केली. प्रकृती उत्तम, मनःस्थिती प्रसन्न, कपड्यांना पेट्रोलचा वास.

साक्षीदार क्र. २: राधा हिराजी तांडेल, राहणार मनोरी. चंदरने माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर हाय. सगलं वाचलंय. मना यातून काय पन मिलत नाय आनि नको. मोठी बहीन.